चार फुटी मरीन टाकीत कोरल घालायचंय? आधी मोरचुदाचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या घरी तीन वर्षं जुनी चार फुटी समुद्री टाकी आहे, साधारण २५० लिटर पाणी, कॅनिस्टर (टाकीबाहेरचा डबाबंद) फिल्टर, जुना दगड आणि खाली इंचभर वाळू. आत दोन क्लाउन, चार डॅमसेल, एक नायजर ट्रिगर आणि एक रकून बटरफ्लाय. आता तिची रीफ (जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ वाढवायची टाकी) करायची आहे, तर एलईडी कुठला आणि किती वॉटचा घ्यावा.

दिव्याचं शेवटी सांगतो. तुम्ही लिहिताना मधेच एक वाक्य टाकून पुढे गेलात: दोन वर्षांपूर्वी माशांवर पांढरे ठिपके आले, दुकानदाराने निळं औषध दिलं आणि मासे वाचले. तुम्हाला ते वाक्य किरकोळ वाटलं असेल, मी मात्र तिथेच अडकलो.

निळ्या औषधांत दोन प्रकार येतात. एक मिथिलीन ब्लू, त्याची फार काळजी नको. दुसरं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, जे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी वापरतात तेच. बाटली अजून असेल तर लेबल वाचा. मोरचुदाने पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी मरतो. लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं मासे सोसतात. गोगलगाय, कोळंबी, कोरल यांना मात्र त्याहून कितीतरी कमी तांबंही पुरतं मरायला. वर तुमचा दगड आणि वाळू दोन्ही चुन्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. ती तांबं शोषून धरून ठेवतात आणि पुढे कधीतरी हळूहळू सोडतात. तुम्ही पाणी किती वेळा बदललंत याला तिथे काही अर्थ राहत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या पहिल्या रीफसाठी मी छंद सोडणाऱ्या एकाकडून वीस किलो दगड स्वस्तात उचलला होता. दिसायला सुरेख, जांभळी झाक चढलेला. महिनाभर टाकी चालवली, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य (माशांच्या घाणीतून होणारी दोन विषं), म्हणून सहा गोगलगायी सोडल्या. रात्री सगळ्या काचेवर चढलेल्या. सकाळी चार जणी वाळूवर उताण्या. निरोगी गोगलगायीला बोट लावलं की ती झाकण ओढून आत जाते. यांचा पाय शंखाबाहेर लोंबत होता आणि ढकलला तरी हलत नव्हता. दोन दिवसांनी मशरूम कोरल आक्रसून वाटाण्याएवढं झालं. तेव्हा त्या गृहस्थाला फोन केला, तर म्हणाला, "हो, एकदा कॉपर घातलं होतं, पण त्याला दीड वर्ष झालं."

म्हणून पहिलं काम: कॉपरची टेस्ट किट आणा. पाण्यात शून्य आलं तरी हुरळून जाऊ नका. मुठीएवढा एक दगड काढून ताज्या बनवलेल्या खाऱ्या पाण्याच्या छोट्या बादलीत ठेवा, सोबत एक लहान पंप फिरता ठेवा, आणि पंधरा दिवसांनी त्या बादलीतलं पाणी तपासा. रंगाची किंचित छटा जरी आली तरी तो दगड आणि वाळू रीफसाठी बाद समजा. काच आणि सिलिकॉन टाकून द्यायची गरज नाही. टाकी रिकामी करून व्हिनेगरच्या पाण्याने धुतली की माझ्या मते पुरतं. कॅनिस्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंगा राहू द्या, नव्या दगडावर उपयोगी जिवाणू वसेपर्यंत माशांचा अमोनिया त्याच सांभाळतील.

दगड उकळून शुद्ध करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. दगडावर पॅलिथोआ किंवा झोआ जातीचे जीव असतील तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं. ते फार जहाल विष आहे, आणि असा दगड उकळताना वाफेने घरातली अख्खी माणसं रुग्णालयात पोचल्याची उदाहरणं परदेशात आहेत. पुढे झोआ पाळाल तेव्हाही ते कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

नवा दगड घेताना आपल्याकडे एक वेगळीच अडचण आहे, आणि ती इंग्रजी व्हिडिओंमध्ये तुम्हाला कुणी सांगणार नाही. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीला. जिवंत तर नाहीच, वाळलेला तुकडाही नाही. दुकानात 'लाइव्ह रॉक' (जीवजंतू वसलेला दगड) म्हणून जे मिळतं त्यातलं बरंच काही प्रवाळाचे मोडलेले सांगाडेच असतात. जवळून पाहिलं तर तारेच्या आकाराची छिद्रं दिसतात. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा मानवनिर्मित दगड घ्या. सिमेंटचा असेल तर पीएच उतरेपर्यंत काही आठवडे साध्या पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा. वाळू साफ ठेवायला म्हणून समुद्रकाकडी विकतात, तिलाही त्याच कायद्याचं संरक्षण. समुद्रघोड्यालाही. "इम्पोर्टेड आहे, कागद आहेत" असं ऐकवलं जातं, पण अनुसूचीत कठीण प्रवाळांपुढे 'सर्व' असं लिहिलंय, कुठून आलं ते नाही. मी त्या वाटेला जात नाही.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. मशरूम, झोआ, लेदर कोरल, झेनिया, केनिया ट्री. सगळी मऊ, त्या यादीबाहेरची, आणि सुरुवातीला तुम्हाला हवीत ती नेमकी हीच. यांना कॅल्शियमचं फारसं अप्रूप नाही, त्यामुळे डोसिंग पंप, कॅल्शियम रिअॅक्टर अशा पाण्यात कॅल्शियम घालणाऱ्या यंत्रांचा खर्च टळतो. वेळेवर पाणी बदललं की गरज भागते. घेतानासुद्धा दुसऱ्या छंदवाल्याच्या टाकीत वाढलेला तुकडाच घ्या. मालवणच्या समुद्रात पोहून प्रवाळ पाहून आलात तर ते तिथेच छान दिसतं.

आता पाणी. पुण्याचं नळाचं पाणी तसं सौम्य, बोअरचं मात्र जड. दोन्ही चालणार नाहीत, आरओ आणि पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन हवं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. इथे घरोघरी होणारी चूक सांगतो. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरमध्ये बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणून मीटर ५०-८० दाखवतो. त्याहून वाईट म्हणजे हल्ली 'कॉपर'वाले प्युरिफायर आलेत, पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारे. आजीच्या तांब्याच्या हंड्याचं यांत्रिक रूप! माणसाला चालेल, तुमच्या गोगलगायीला नाही. वरचा सगळा खटाटोप करून शेवटी पाणी जर त्यातूनच भरलंत तर हसावं की रडावं कळणार नाही. मेंब्रेनमधून निघणारी नळी कंट्रोलर आणि कॉपरच्या काडतुसाच्या आधीच अडवून घ्या, किंवा टाकीसाठी वेगळं साधं युनिट लावा.

माशांच्या टाकीत नायट्रेट लिटरमागे ६० मिलिग्रॅम असलं तरी मासे तक्रार करत नाहीत. कोरलला ५ ते १० च्या आसपास बरं. आठवड्याला २० टक्के पाणी बदललंत आणि आतून भर पडली नाही, तर चार बदलांत ६० चे साधारण २५ होतात. तुमच्या टाकीला दर वेळी ५० लिटर पाणी आणि पावणेदोन-दोन किलो मीठ लागेल. पण भर पडतेच, आणि ती पडते कॅनिस्टरमधून. पंधरा दिवस न धुतलेला कॅनिस्टर म्हणजे नायट्रेटचा कारखाना. दर आठवड्याला टाकीच्याच काढलेल्या पाण्यात स्पंज पिळा. जमलं तर प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) घ्या, दिव्याआधी. फॉस्फेटचं गणित तांब्यासारखंच आहे: जुना दगड ते साठवतो आणि पाणी स्वच्छ झालं की परत सोडतो, त्यामुळे पाणी बदलल्यावर आकडा पडतो आणि तीन दिवसांत पुन्हा चढतो. चिडू नका, तो दगड ओकतोय. लिटरमागे ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅमवर समाधान माना. शून्याच्या मागे लागलेल्यांच्या टाकीत तपकिरी, बुडबुडेवाला, शेंबडासारखा डायनोफ्लॅजेलेट येताना मी पाहिलाय, आणि तो काढणं नायट्रेटपेक्षा अवघड.

मासे. नायजर ट्रिगर इतर ट्रिगरांच्या मानाने सज्जन, कोरलला सहसा लागत नाही, पण गोगलगायी आणि कोळंबी त्याच्या समोर म्हणजे ताटात वाढलेल्या. शिवाय तो फूटभराचा होतो, चार फुटी टाकी त्याला तशीही लहानच. त्याला घर शोधा. रकून बटरफ्लाय मऊ कोरल टोचून टोचून संपवेल, त्यामुळे त्यालाही जावं लागेल, पण लगेच नाही. तुमच्या जुन्या दगडावर एप्टेशिया असू शकते, ती छोटी तपकिरी, काचेसारखी अॅनिमोन, हात लावला की आत जाणारी. रकूनला ती फार आवडते. दगड राहणार असेल तर कोरल यायच्या आधी त्याच्याकडून ती साफसफाई करून घ्या आणि मग निरोप द्या. क्लाउन राहू देत. डॅमसेल कोरलला काही करत नाहीत, फक्त नव्या माशाला जगू देत नाहीत. ते तुमचं तुम्ही ठरवा.

तापमान २५ ते २७. पुण्याला एक फायदा आहे जो आम्हा डोंबिवलीकरांना नाही: तुमचा उन्हाळा कोरडा. पाण्यावर दोन छोटे पंखे लावले तर दोन-तीन अंश सहज उतरतात. आमच्या घामट हवेत पंखा नुसता फिरतो, म्हणून मला चिलर घ्यावा लागला. पण पंख्याने पाणी भराभर उडतं, आणि मीठ उडत नाही. रोज खूण केलेल्या रेषेपर्यंत गोडं आरओ पाणी घाला, खारं नव्हे. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवा, साध्या पाण्यावर नव्हे. वीज कधीही जाऊ शकते, तेव्हा वेव्हमेकर (पाणी फिरवत ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर घ्या. दिवे बंद राहिले तर चालतं, प्रवाह थांबला तर नाही.

आणि दिवा. मऊ कोरलला ५० ते १५० पीएआर (कोरलला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरे, त्यामुळे महागडा दिवा नकोच. चार फुटांवर एक न ठेवता दोन मध्यम निळे-पांढरे रीफ एलईडी लावा, म्हणजे कोपरे अंधारे राहत नाहीत. वॉटचा आकडा विसरा, पीएआर मीटर कुणाकडून तरी दिवसभरासाठी मागून आणा. सुरुवात ३० टक्क्यांवर, आठ तास, आणि महिनाभरात हळूहळू वर. पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने लावला तर झोआ मिटून बसतील आणि काच मात्र हिरवीगार होईल.

पहिलं कोरल मशरूमच घ्या, एकच, खाली वाळूजवळ. त्याच्याही आधी दोन गोगलगायी सोडून पंधरा दिवस बघा. उत्साहाच्या भरात हे टप्पे उलटे करू नका, मी केले होते.

तर आज बाटलीचं लेबल बघा, उद्या दगड बादलीत टाका. पंधरा दिवसांनी बादलीतला कॉपरचा आकडा आणि टाकीतलं नायट्रेट, फॉस्फेट इथेच लिहा. दगड ठेवायचा की काढायचा ते त्यावरून सांगतो. तोवर दिव्याची ऑर्डर देऊ नका.