बॅकप्लेट स्टीलची की अ‍ॅल्युमिनियमची?

प्रश्न: दरवर्षी मालवणला आणि जमलं तर अंदमानला डायव्हिंगला जातो, सिलिंडर पाठीवर बांधायच्या भाड्याच्या जॅकेटला वैतागलोय. मित्र म्हणतो त्याऐवजी डोळे झाकून स्टीलची बॅकप्लेट (सिलिंडर पाठीशी धरणारी धातूची पाटी) घे. घेऊ का? (गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर: डोळे उघडेच ठेवा हो! स्टीलची प्लेट साधारण अडीच-तीन किलोची, अ‍ॅल्युमिनियमची किलोभराची, पण पाण्यात हिशोब बदलतो, २.७ किलोचं स्टील २.३ च्या आसपास भरतं आणि ०.९ किलोचं अ‍ॅल्युमिनियम जेमतेम ०.६, म्हणजे स्टील घेतलंत की पाण्याखाली जायला कमरेच्या बेल्टमध्ये बांधतो ते शिसं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा पावणेदोन किलो कमी लागतं. आता सांगा, ३ मिमी जाडीच्या रबरी डायव्हिंग सूटवर तुम्ही शिशाचं वजन किती लावता? चार-पाच किलो लागत असेल तर स्टील बिनधास्त घ्या, कारण अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर संपत आला की तरंगायला बघतो आणि तेव्हा ते वजन कामी येतं. दोनच किलो लागत असेल तर नको, शिसं ऐनवेळी सोडून देता येतं, पाठीला बांधलेली प्लेट थोडीच देता येते! शिवाय अंदमानच्या विमानात बॅगेचं वजन मोजतात, अ‍ॅल्युमिनियम घेऊन वाचलेल्या जवळपास दोन किलोत चिवड्याची पाकिटं मावतील. कुठलीही घ्या, डाइव्ह झाली की गोड्या पाण्याने धुवा.