सर्व्हर एकाशीच बोलतो, बाकीचे खोळंबतात

प्रश्न: कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांच्या टाक्यांवर पाण्याची पातळी मोजणारी ६० यंत्रं बसवली आहेत. ती सिमकार्डावरून आमच्या लिनक्स सर्व्हरला टीसीपीने (इंटरनेटवरच्या जोडणीची नियमपद्धत) जोडून दर मिनिटाला एक ओळ पाठवतात. पायथनमध्ये सॉक_अ‍ॅक्सेप्ट (आलेली जोडणी उचलणारा कॉल) वापरून असिंक (एकाच वेळी अनेक जोडण्या सांभाळू शकणारा) सर्व्हर लिहिला, तरी नोंद एकाच यंत्राची होते. बाकीच्यांवर मात्र ‘जोडले’ असा हिरवा दिवा! पावसात वीज जाऊन आली की ते एक यंत्रही ठप्प. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. — एक वाचक, म्हापसा

उत्तर: दिवा खोटं बोलत नाही. टीसीपीचा हँडशेक (जोडणी जुळवायची सुरुवातीची देवाणघेवाण) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, परस्पर उरकतो आणि जोडणी रांगेत ठेवतो. तुमच्या प्रोग्रामने ती उचलली की नाही, हे यंत्राला कळत नाही. तेव्हा सिम बदलत बसू नका, अ‍ॅक्सेप्टच्या खालची ओळ पाहा. तिथे बहुधा ‘अवेट हँडल(क्लायंट)’ असणार. हँडल म्हणजे एका जोडणीचं सगळं काम पाहणारं फंक्शन, आणि अवेट म्हणजे हे काम संपल्याशिवाय पुढची ओळ नाही. यंत्र जोडणी सोडत नाही, म्हणून लूप अ‍ॅक्सेप्टपाशी परततच नाही.

अवेटऐवजी क्रिएट_टास्क वापरा, म्हणजे ते काम टास्क म्हणून वेगळं चालतं आणि लूप पुढे सरकतो. मिळालेला टास्क एका सेटमध्ये धरून ठेवा आणि संपला की काढा. इव्हेंट लूप (टास्क आळीपाळीने चालवणारा भाग) त्याचा फक्त वीक रेफरन्स, म्हणजे सैल धागा, ठेवतो, त्यामुळे टास्क अर्ध्यावरच गार्बेज कलेक्टरच्या (नको असलेली मेमरी मोकळी करणाऱ्याच्या) तोंडी जाऊ शकतो. खरं तर एवढी उठाठेव कशाला? स्टार्ट_सर्व्हर या तयार फंक्शनला हँडलर (जोडणी हाताळणारं तुमचं फंक्शन) दिलात की दर जोडणीचा टास्क तोच करतो. त्याचा बॅकलॉग (न उचललेल्या जोडण्यांच्या रांगेची मर्यादा) मुळातच १०० आहे. ६० यंत्रांना पुरे.

एक खोड मात्र उरेल. हँडलरमधून डेटाबेसला साधा, अडवणारा कॉल केलात आणि त्याला ३०० मिलिसेकंद लागले, तर ६० नोंदींना १८ सेकंद, आणि तेवढा वेळ अ‍ॅक्सेप्टही अडून. असा कॉल टू_थ्रेडकडे, म्हणजे वेगळ्या थ्रेडवर, सोपवा (पायथन ३.९ पासून आहे). डीबग मोडमध्ये (चुका शोधायच्या अवस्थेत) १०० मिलिसेकंदांहून जास्त अडवणारा कॉलबॅक (लूपने चालवलेला कामाचा तुकडा) लॉगमध्ये नावानिशी सापडतो.

आता विजेचं. वीज जाते तेव्हा यंत्राला ‘येतो’ म्हणायलाही सवड मिळत नाही. सर्व्हर त्या मेलेल्या जोडणीकडे डोळे लावून बसतो. तुमचं ठप्प होणं ते हेच. वरची दुरुस्ती केल्यावर ठप्प होणार नाही, पण दर खेपेला ६० मेलेली सॉकेटं (जोडणीची सर्व्हरकडची टोकं) साठतील. ‘युलिमिट -एन’ (प्रोग्रामला एका वेळी उघडता येणाऱ्या फाइली-सॉकेटांची मर्यादा) १०२४ असेल तर सोळाव्या-सतराव्या खेपेला ‘टू मेनी ओपन फाइल्स’, एरर २४. मर्यादा वाढवून दुखणं फक्त पुढे जातं. त्यापेक्षा रीडलाइनला (एक ओळ वाचणारा कॉल) वेट_फॉरमध्ये (मुदत लावणारा कॉल) गुंडाळून १५० सेकंदांची मुदत द्या, म्हणजे दोन ओळी चुकल्या की जोडणी बाद. फायनलीमध्ये (काहीही झालं तरी शेवटी चालणारा भाग) जोडणी बंद करणारं राइटर.क्लोज आणि अवेट वेट_क्लोज्ड हवंच.

मग वीज आल्याबरोबर सर्व्हरवर ‘एसएस -एलटीएन’ (जोडण्यांची वाट पाहणारे पोर्ट दाखवणारी आज्ञा) चालवा. तुमच्या पोर्टसमोरचा रिसीव्ह-क्यूचा आकडा म्हणजे न उचललेल्या जोडण्या. तो क्षणभर वाढेल. पण लगेच शून्यावर आला नाही, तर हँडलरमध्ये अडवणारा कॉल अजून कुठेतरी शिल्लक आहे.