रिपोर्टमध्ये ‘रेझिस्टंट’ आलंय, कुत्री मात्र ठणठणीत

प्रश्न: आमची लॅब्रॅडॉर चार वर्षांची आहे. मध्ये तिला जुलाब लागले होते म्हणून शी तपासायला दिली, तर रिपोर्टमध्ये ई. कोलाय आणि पुढे ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असं आलं. आता ती मस्त खातेय, खेळतेय. तरी हे जंतू मारायला एखादं स्ट्राँग अँटिबायोटिक द्यायचं का? घरात रांगतं बाळ आहे आणि ही बया सगळ्यांना चाटत सुटते.

उत्तर: अँटिबायोटिक आधी डोक्यातून काढा. ई. कोलाय कुत्र्यांच्या आतड्यात असतोच, तुमच्या-माझ्याही असतो, आणि बहुतेक वेळा गप पडून असतो. ईएसबीएल म्हणजे त्यातले काही जंतू असं एन्झाइम बनवतात जे अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधं तोडून टाकतं. असे जंतू औषधाला दाद देत नाहीत, म्हणजे ‘रेझिस्टंट’ असतात. याचा अर्थ कुत्री आजारी आहे असं नाही, ती फक्त ते जंतू बाळगून आहे. आता तुम्ही गोळ्या सुरू केल्या तर साधे जंतू मरणार, हे टिकणार आणि रिकाम्या जागेवर हेच पसरणार. काही न करता बऱ्याच कुत्र्यांमध्ये ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतात, काहींमध्ये पुन्हा सापडतात. (आणि हो, जुलाब लागले की लगेच मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक द्यायची सवयही सोडा, साधे जुलाब बहुतेक वेळा त्याच्याशिवायच थांबतात.)

हे आले कुठून ते नक्की सांगता येणार नाही. आधी दिलेलं अँटिबायोटिक, दुसऱ्या कुत्र्याची शी हुंगणं-चाटणं, किंवा घरातलं माणूससुद्धा, कारण हे जंतू माणसाकडून कुत्र्याकडेही जातात. पण कच्चं चिकन-मटण देत असाल तर माझा पहिला संशय त्यावर. फ्रीझरमध्ये ठेवल्याने हे जंतू मरतात असं समजू नका, नीट शिजवूनच द्या.

बाळाची काळजी रास्त आहे, कारण हे रेझिस्टन्सचे जीन्स बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या रिंगवर असतात आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेसुद्धा जातात. म्हणून शी उचलल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मगच बाळाच्या बाटलीला हात लावायचा, कुत्रीचा बाऊल बाटल्यांबरोबर घासायचा नाही, आणि तोंड-हात चाटू द्यायचे नाहीत, तेवढं कडक राहा. तिला घराबाहेर काढायची काहीच गरज नाही.

दर महिन्याला शी तपासत बसू नका. तो रिपोर्ट मात्र जपून ठेवा. उद्या तिला युरिन इन्फेक्शन झालं तर व्हेटला दाखवा आणि औषधाआधी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघणारी तपासणी, करायला सांगा. घरात कुणाला इन्फेक्शनसाठी अ‍ॅडमिट करावं लागलं तर त्या डॉक्टरांच्याही कानावर घाला, औषध निवडताना त्यांना ते उपयोगी पडेल.