चेअरमन झालास, आता हे कर

निपाणीतली पतसंस्था चालवायची तर आधी उपविधींची, म्हणजे संस्थेच्या नियमांची, पुस्तिका काढ. (कन्नडमधली असेल, सेक्रेटरीकडून वाचून घे.) त्यातला उद्देश एका कागदावर लिही, शेजारी तू निवडणुकीला का उभा राहिलास तेही खरंखरं लिही. नाव हवं असेल तर तसंच लिही, लाजू नकोस.

मलाही नावच हवं होतं. पहिल्या वर्षी इमारत रंगवली, कर्जाचे अर्ज कपाटात पडून. जूनमध्ये विड्या वळणारी एक मावशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक घेऊन काउंटरवर आली. लेकीची फी भरायची होती. तिचा अर्ज माझ्याच सहीसाठी अडकलेला! दुसऱ्या वर्षापासून कर्ज वेळेत देऊनच नाव कमावायचं ठरवलं. उद्देशाचं म्हणशील तर, कर्नाटकातल्या गदगजवळ कणगिनहाळला 1905 साली सहकारी पतसंस्था निघाली ती सावकाराच्या पाशातून शेतकरी सुटावा म्हणून. आणि तुला आमदारकीच खुणावत असेल तर आत्ताच सांग, राग नाही.