त्रिनिदाद-गयानात भारतीय मजूर गेले, मग बार्बाडोसला का नाही?

प्रश्न असा आहे : वेस्ट इंडीजच्या क्रिकेट संघात कन्हाय, कालिचरण, रामाधीन, चंद्रपॉल, नारायण अशी भारतीय वळणाची नावे दिसतात, पण ही मंडळी त्रिनिदादची किंवा गयानाची असतात. बार्बाडोसही ब्रिटिशांचेच होते आणि तिथेही ऊसच होता, मग तिथे आपल्याकडचे मजूर का नेले नाहीत?

याचे कारण जमिनीत आहे. भारतातून करारबद्ध मजूर आणणे हा मळेवाल्यांसाठी खर्चाचा आणि कटकटीचा मार्ग होता, आणि जिथे गुलामगिरी संपल्यावर माणसे मळा सोडून निघून जाऊ शकत होती, तिथेच तो पत्करला गेला. बार्बाडोसमध्ये निघून जायला जागाच उरली नव्हती. ती का उरली नव्हती, हे कळण्यासाठी गुलामगिरी संपण्याच्याही दोनशे वर्षे मागे जावे लागते.

बार्बाडोसचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. बेट बहुतांशी प्रवाळाच्या चुनखडीचे आणि बऱ्यापैकी सपाट. जमैकात पळून गेलेल्या गुलामांनी डोंगरात वस्त्या केल्या आणि १७३९ साली इंग्रजांना त्यांच्याशी तह करावा लागला. तसे डोंगर इथे नाहीत. फेब्रुवारी १६२७ मध्ये इंग्रजांची पहिली तुकडी, सुमारे ८० वसाहतवाले आणि १० गुलाम, आज जिथे होलटाउन आहे तिथे उतरली, आणि तेव्हापासून १९६६ पर्यंत हे बेट एकदाही दुसऱ्या सत्तेच्या हाती गेले नाही. शेजारची सेंट लुशिया, ग्रेनाडा ही बेटे फ्रेंच आणि इंग्रज यांच्यात हात बदलत राहिली. बार्बाडोस मात्र मुख्य द्वीपमालिकेच्या पूर्वेला, वारा येतो त्या दिशेला एकटेच उभे आहे. शिडाच्या जहाजांना तिथे जायचे तर वाऱ्याविरुद्ध झुंजत जावे लागे. १६६५ साली डच आरमारप्रमुख डी राउटर याने हल्ला करून पाहिला, पण त्यालाही परत फिरावे लागले.

सुरुवातीला तंबाखू आणि कापूस लावला गेला, आणि कामाला इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडमधून काही वर्षांच्या करारावर आणलेले गोरे गरीब होते. क्रॉमवेलच्या काळात युद्धकैदीही इथे पाठवले गेले. १६४० च्या दशकात डचांच्या ताब्यातील ब्राझीलमधून ऊस आणि साखर करण्याची विद्या आली आणि सगळे पालटले. साखरेला मोठे भांडवल लागते, त्यामुळे छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या मळेवाल्यांनी गिळल्या. १६६० च्या दशकापर्यंत जंगल जवळजवळ संपले होते, आणि १६८० च्या सुमारास बेटावर सुमारे ३८,००० आफ्रिकी गुलाम होते. ऊस तोडला की रस आंबण्याच्या आत गाळावा लागतो, म्हणून हंगामात पवनचक्कीचे चरक रात्रंदिवस चालत; ऊस सारताना थकलेल्या माणसाचा हात रुळांत सापडला तर तो तोडून माणूस सोडवता यावा, म्हणून चरकापाशी कुऱ्हाड ठेवलेली असे. पलीकडे उकळत्या कढयांची रांग, आणि रस दाटत जाईल तसा तो एका कढईतून पुढच्या लहान कढईत पळीने ओतणारी माणसे. आपल्या गुऱ्हाळाशी याचे साम्य दिसले तरी तिथे राबणारा माणूस मालकाच्या हिशेबात जनावरांच्या यादीत होता, हे विसरून चालत नाही.

हा हिशेब कायद्यानेच ठरवला होता. बेटाची लोकनियुक्त सभा १६३९ पासूनची. ‘लोकनियुक्त’ म्हणजे अर्थातच जमीनदार गोऱ्यांची. तिने १६६१ मध्ये केलेला गुलामविषयक कायदा इतका सोयीचा वाटला, की जमैका आणि पुढे अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना यांनी त्याच्यावरून आपापले कायदे बेतले. धर्मसंस्थाही यातून सुटल्या नाहीत. १७१० साली वारलेल्या क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन याने आपले मळे अँग्लिकन चर्चच्या धर्मप्रसारक संस्थेला दिले, आणि त्या संस्थेने तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला.

आता मूळ मुद्दा. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, तेव्हा बहुतेक साखर-वसाहतींत मृत्यूच जन्मांपेक्षा जास्त असल्यामुळे मजूर घटू लागले. बार्बाडोसमध्ये मात्र गुलामांची संख्या नव्या आयातीशिवायही वाढत होती. बहुसंख्य माणसे बेटावरच जन्मलेली होती. १८१६ च्या ईस्टरला बुसा या गुलामाच्या नावाने ओळखला जाणारा उठाव झाला, तो अशाच तिथे जन्मलेल्या, मळ्यावर जबाबदारीची कामे करणाऱ्या माणसांनी घडवला. नॅनी ग्रिग ही घरकाम करणारी गुलाम स्त्री वर्तमानपत्रे वाचून इतरांना सांगे, की आपल्याला स्वातंत्र्य मिळणार होते आणि मालक ते दडवत आहेत. उसाला आगी लागल्या, लष्करी कायदा पुकारला गेला आणि शेकडो जणांचा बळी गेला. आज बुसा तिथला राष्ट्रीय वीर आहे.

१ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली आणि चार वर्षांच्या ‘उमेदवारी’नंतर, म्हणजे जुन्याच मालकाकडच्या सक्तीच्या कामानंतर, १८३८ मध्ये माणसे खरोखर मोकळी झाली. १८३४ साली बार्बाडोसमध्ये सुमारे ८३,००० गुलाम होते, आणि ब्रिटिश गयानातही जवळपास तितकेच. पण गयानाचे क्षेत्र दोन लाख चौरस किलोमीटरच्या वर. आणि १७९७ मध्येच स्पेनकडून घेतलेल्या, बार्बाडोसच्या दहापटीहून मोठ्या त्रिनिदादमध्ये गुलाम होते अवघे २०,००० च्या आसपास. ब्रिटिश सरकारने मालकांना (गुलामांना नव्हे) २ कोटी पौंड भरपाई दिली, तिचे दरच पाहा : गयानात डोईमागे सरासरी ५० पौंडांच्या वर, बार्बाडोसमध्ये २० च्या आसपास. माणूस जिथे दुर्मीळ, तिथे त्याची किंमत जास्त, हा त्या बाजाराचा उघडा हिशेब होता.

गयाना आणि त्रिनिदादमध्ये सुटलेली माणसे रिकाम्या जमिनीवर स्वतःची शेती करू लागली, मळे ओस पडू लागले, आणि मळेवाल्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. १८३८ ते १९१७ या काळात गयानात सुमारे २,३९,००० आणि १८४५ ते १९१७ मध्ये त्रिनिदादला सुमारे १,४४,००० भारतीय गेले, बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून. बार्बाडोसच्या मळेवाल्याला ही यातायात करण्याची गरजच नव्हती. सगळी जमीन त्याचीच होती. १८४० च्या कायद्याने अशी व्यवस्था लावली, की मजूर मळ्याच्या तुकड्यावर झोपडी बांधून राहील, पण त्या बदल्यात त्याच मळ्यावर, बाजारभावापेक्षा कमी मजुरीत काम करील. काम सोडले तर महिन्याभरात जागाही सोडायची. काही फेरफारांसह ही पद्धत जवळपास शतकभर टिकली.

या व्यवस्थेचा ठसा तिथल्या घरांवर अजून दिसतो. उतरत्या छपराचे, मध्ये दार आणि दोन्ही बाजूंना खिडकी असलेले लहानसे लाकडी घर, पाया नाही, नुसते रचलेल्या दगडांवर टेकवलेले. हाकलले की फळ्या सुट्या करायच्या, गाडीवर घालायच्या आणि दुसऱ्या मळ्यावर पुन्हा उभे करायचे. घर मजुराचे, त्याखालची माती मालकाची. आज पर्यटकांच्या छायाचित्रांत ही घरे रंगीबेरंगी आणि मोठी गोजिरवाणी दिसतात, पण त्यांचा आकार गरजेने ठरलेला आहे.

साहजिकच प्रवाह उलटा वाहिला : बार्बाडोसने मजूर आणले नाहीत, पाठवले. बाहेर जाण्यावर सभेने निर्बंध घातले तरी माणसे गयाना-त्रिनिदादला गेलीच, आणि १९०४ ते १९१४ या काळात जवळपास २०,००० जण करार करून पनामा कालव्याच्या खोदकामाला गेले. तिथून आलेल्या पैशातून काहींनी प्रथमच स्वतःची जमीन घेतली. बेटावर भारतीय आले ते विसाव्या शतकात आणि स्वखुशीने : काही बंगाली आणि पुढे सुरतेकडचे गुजराती मुसलमान, दारोदार फिरून हप्त्यांवर कापड विकणारे. मराठी माणसाचा संबंध मात्र केन्सिंग्टन ओव्हल या तिथल्या क्रिकेटच्या मैदानापुरताच. १९९७ च्या कसोटीत भारत ८१ धावांत गारद झाल्याचे दुःख तिथेच जिंकलेल्या २०२४ च्या टी-२० विश्वचषकाने बरेचसे धुऊन निघाले, एवढेच.

राजकीय सत्ताही याच जमिनीला चिकटून होती. १८७६ मध्ये गव्हर्नर पोप हेनेसी याने बेट शेजारच्या बेटांशी जोडण्याची योजना पुढे रेटली, तेव्हा आपल्या सभेची सत्ता जाईल म्हणून मळेवाले खवळले, तर गव्हर्नर आपल्याला जमीन वाटणार अशी वदंता ऐकून मजूर त्याच्या बाजूने रस्त्यावर आले. दंगल झाली, आठ माणसे मेली, गव्हर्नरची बदली झाली आणि सभा टिकली. १९३७ मध्ये क्लेमेंट पेन या कामगार संघटकाला हद्दपार केल्यावर पुन्हा दंगल उसळली आणि १४ जण मारले गेले. त्यानंतरच्या चळवळीतून १९५१ ची सार्वत्रिक मताधिकाराची पहिली निवडणूक आणि ३० नोव्हेंबर १९६६ चे स्वातंत्र्य आले. मळ्यावरच्या कुळाला आपल्या घराखालची जागा विकत घेण्याचा हक्क मात्र त्यानंतरही चौदा वर्षांनी, १९८० च्या कायद्याने मिळाला. दर ठरला चौरस फुटाला १० सेंट.