मालिका संपवावी तर अशी

ऐतिहासिक रहस्यमालिकेचा शेवटचा भाग मनासारखा जमलाय, असं उदाहरण विचारलंत. माझं मत ‘ब्रदर कॅडफेल्स पेनन्स’ला. एलिस पीटर्स यांच्या कॅडफेल मालिकेतली ही विसावी, शेवटची कादंबरी, १९९४ची. पुढच्याच वर्षी लेखिका गेल्या.

काळ ११४५चा. इंग्लंडात राजा स्टीफन आणि गादीवर हक्क सांगणारी मॉड यांच्यात यादवी पेटलेली. श्रूझबरीच्या मठात औषधी वनस्पती सांभाळणारा कॅडफेल पूर्वाश्रमीचा क्रुसेडमधला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धातला, सैनिक. त्याचा मुलगा ऑलिव्हिए कैदेत पडलाय, आणि हा आपला बाप आहे याचा त्या पोराला पत्ताच नाही! त्याच्या शोधासाठी मठाधिपतींची परवानगी मिळते ती कॉव्हेंट्री शहरापर्यंत जाण्यापुरतीच. पुढे कॅडफेल जातो तो व्रत मोडून.

खून आहे, पण खरं सांगायचं तर तो बाजूलाच पडतो. पकडून ठेवतो तो ऑलिव्हिएला डांबणारा फिलिप, स्वतःच्या बापाशी फाटलेला. त्याच्यापुढे उभा राहतो लेकासाठी सगळं पणाला लावून आलेला म्हातारा साधू. दोघांचे संवाद सावकाश वाचा. शेवट फोडत नाही.

मात्र थेट हीच उचलू नका. निदान ‘द व्हर्जिन इन द आइस’ आधी वाचा. बापलेकांची पहिली भेट त्यात आहे.