चौदा हजारांच्या नोटिशीबद्दल, भरण्याआधी

कोल्हापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

फोनच्या जुन्या कर्जाबद्दल कर्ज कंपनीच्या वकिलाने तुला पाठवलेल्या नोटिशीचे दोन्ही फोटो नीट वाचले. "मावशी, १४,३०० रुपयेच तर आहेत, भरून टाकते आणि मोकळी होते," असं तू लिहिलंस. सहकारी बँकेच्या वसुली विभागात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून सांगते, 'कटकट नको' म्हणून भरलेला पैसा हा वसुलीवाल्यांचा सगळ्यात सोपा पैसा. त्यात तुला राजारामपुरीतल्या गाळ्यासाठी एम्ब्रॉयडरी मशीनचं कर्ज काढायचंय. त्यामुळे हा प्रश्न फक्त १४,३०० रुपयांचा नाही. तुझ्यापुढे दोन भांडणं आहेत. एक रकमेचं, ते कंपनीशी. दुसरं नोंदीचं, ते कोणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थांकडे. लोक पहिलं मिटवतात, दुसरं विसरतात आणि दोन वर्षांनी बँकेच्या टेबलासमोर बसल्यावर तोंडात मारल्यासारखे होतात.

आधी भीती काढून टाक. तुला आलंय ते वकिलाचं पत्र आहे. कोर्टाचा कागद नाही. त्यावर लाल अक्षरांत 'अंतिम' लिहिलेलं असलं तरी ते एका बाजूचं म्हणणं आहे. कोर्टाच्या समन्सवर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, तारीख आणि शिक्का असतो. तसं काही आलं, किंवा लवाद नेमल्याचं पत्र आलं, तर मात्र एक दिवसही न दवडता वकील गाठायचा, कारण गप्प बसलीस तर निकाल एकतर्फी होतो. लोक अदालतीची नोटीसही पुष्कळांना समन्ससारखी वाटते. तिथे तुझ्या संमतीशिवाय काही ठरत नाही. पण एकदा सही करून तडजोड केलीस तर त्यावर अपील नाही, म्हणून तिथे जाऊन घाईने 'हो' म्हणू नकोस.

तुझ्या नोटिशीत 'कलम ४२० अन्वये फौजदारी' असं लिहिलंय ते वाचून मला हसू आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. वकीलसाहेबांनी जुना मसुदा नाव बदलून पाठवलेला दिसतो. मुळात नुसता हप्ता थकला म्हणजे फसवणूक होत नाही. खात्यात शिल्लक नसल्यामुळे ऑटो डेबिट परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागू शकतं, पण त्यासाठी हप्ता परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते. तुझा हप्ता परत गेला अडीच वर्षांपूर्वी, आणि त्या वेळी असं काही पत्र आलं नव्हतं असं तू म्हणतेस.

मग अडीच वर्षं गप्प बसलेली कंपनी आत्ताच का जागी झाली? पैसे वसुलीचा दावा करायला मुदत कायद्याने साधारण तीन वर्षांची असते. ती जवळ आली की जुन्या फायली झटकल्या जातात. फोनवरचा तो गोड आवाज म्हणतो ना, "मॅडम, निदान ५०० तरी भरा, फाइल थांबवतो," त्यामागे हेच असतं. मुदत संपण्याआधी थोडी रक्कम भरली किंवा देणं सहीनिशी मान्य केलं, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजायचा रस्ता त्यांना मिळतो. शिवाय वाद घातलेली रक्कम तू स्वतःच कबूल केलीस असं दिसतं. तेव्हा फोनवर 'हो, देते', व्हॉट्सअॅपवर 'ओके सर', असलं काही नको. मुदत संपायची वाट बघत बस असंही मी म्हणत नाही. खरं देणं असेल तर द्यायचंच. पण किती, हे कागदावर ठरल्यावर.

आता हिशेब. फोन बावीस हजारांचा, १,८३३ चे बारा हप्ते, त्यातले अकरा गेले. नोकरी बदललीस, पगाराचं खातं बदललं, शेवटचा हप्ता जुन्या खात्यावर आपटला. हे तू स्वतः लिहिलंयस, म्हणजे एक हप्ता राहिलाय हे बहुधा खरं. पण १,८३३ चे १४,३०० कसे झाले? नोटिशीत त्याची फोड नाही, आणि तिथेच पाय रोवायचा. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक आहे. दंड हा व्याज म्हणून लावायचा नाही, वेगळा आकार म्हणून लावायचा, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, जुन्यांना ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचं होतं. त्याआधीच्या महिन्यांसाठी करारात काय दर लिहिलाय तो बघावा लागेल. म्हणून करार हातात पाहिजे.

उत्तर कसं लिहायचं ते सांगते. वकील लावलास तर उत्तम, पण एवढ्या रकमेसाठी तू स्वतःही लिहू शकतेस. सरळ मराठीत लिही. कर्जदाराला समजेल अशा भाषेत पत्रव्यवहार करण्याचं बंधन एनबीएफसींवर, म्हणजे तुझ्या कंपनीसारख्या बँक नसलेल्या कर्ज कंपन्यांवर आहे, तेव्हा त्यांच्या उत्तराचीही मराठी प्रत माग. मजकूर असा ठेव: "आपल्या अमुक तारखेच्या नोटिशीतील १४,३०० रुपये ही रक्कम मला मान्य नाही. या रकमेबाबत माझी ही तक्रार समजावी. कर्ज कराराची प्रत, सुरुवातीपासूनचा पूर्ण खाते उतारा, मुद्दल, व्याज, बाउन्स चार्ज आणि दंड यांची वेगवेगळी फोड, आणि वसुलीचे काम आपल्या संस्थेला दिल्याचे अधिकारपत्र, एवढे कागद पाठवावेत. हे कर्ज दुसऱ्या कंपनीला विकले असल्यास त्या हस्तांतराचा पुरावा द्यावा. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हे प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवू नये." शेवटचं वाक्य गाळू नकोस. तक्रार प्रलंबित असताना प्रकरण एजन्सीकडे देऊ नये, ही रिझर्व्ह बँकेची बँकांना २००८ पासूनची सूचना आहे. पत्र तेवढंच. त्यात आजारपण, घरची अडचण, 'मी प्रामाणिक आहे' यातलं काही नको. वसुलीच्या टेबलावर असले परिच्छेद कुणी वाचत नाही, पण त्यातलं एखादं कबुलीचं वाक्य मात्र नेमकं उचललं जातं.

हे पत्र वकिलाला पाठव, आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठव. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतं. ईमेल कर आणि स्पीड पोस्टही कर, रजिस्टर पोस्टाची सेवा २०२५ मध्ये त्यातच विलीन झाली. पावती जपून ठेव, पोच झाल्याचं पान छापून ठेव. इथल्या शाखेत हाताने दिलंस तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घे. "ठेवून जा मॅडम, साहेबांना देतो" म्हणाले तर तिथेच उभी राहा, शिक्का मिळाल्याशिवाय हलू नकोस.

दरम्यान तुझी बाजू जमव. जुन्या खात्याचा त्या बारा महिन्यांचा उतारा बँकेतून काढ. खातं बंद असलं तरी बँकेत अर्ज देऊन माग. अकरा हप्ते कोणत्या तारखेला गेले त्यावर पेन्सिलीने खुणा कर. एवढ्या एका कागदाने अर्धं भांडण संपतं.

फोन येत राहतील. थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. धमकी देणं, चारचौघांत अपमान करणं, घरच्यांना, मैत्रिणींना, ऑफिसात फोन लावणं, हेही चालत नाही. तुझ्या ऑफिसात फोन आला होता ना, त्याची तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेव आणि तक्रारीत घाल. दारात कुणी आलं तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र माग. आणि कुणी पाठवलेल्या लिंकवर किंवा एखाद्या माणसाच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नकोस. खोट्या नोटिशींचं पीक सध्या जोरात आहे. त्यामुळे नोटिशीवरच्या नंबरला उलट फोन न करता कंपनीच्या अधिकृत ग्राहक सेवेवर तुझा कर्ज क्रमांक सांगून खात्री कर. फसून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

आता दुसरं भांडण. आपल्याकडे सगळे 'सिबिल' म्हणतात, पण अशा संस्था चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढ. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर घसरत नाही. घसरतो तो पाच बँकांत एकदम अर्ज टाकल्याने, तेव्हा मशीनच्या कर्जासाठी आत्ता कुठेही अर्ज देऊ नकोस. स्कोअरचा आकडा ३०० ते ९०० मधला असतो, लोक त्यालाच चिकटून बसतात. तू आतली पानं बघ. त्या फोनच्या कर्जापुढे थकबाकी किती दाखवलीय, किती दिवस उशीर लिहिलाय, 'रिटन ऑफ', म्हणजे बुडीत धरलेलं, असं काही आहे का. आणि 'गॅरंटर' म्हणून तुझं नाव कुठे आहे का तेही बघ. आपल्या कोल्हापुरात तालमीतल्या मित्रासाठी, भावकीतल्या दिरासाठी जामीन राहणं म्हणजे चहा पिण्याइतकं सोपं समजतात. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्थेचा कलम १०१ चा वसुली दाखला हातात पडल्यावर रडत आलेले जामीनदार मी पुष्कळ पाहिलेत. त्यातला एकही 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटला नाही.

चूक दिसली की त्या संस्थेच्या वेबसाइटवर त्याच खात्यापुढे तक्रार टाक, आणि कंपनीलाही तेच लिहून कळव. क्रेडिट संस्था स्वतःहून नोंद बदलत नाही, ती कंपनीला विचारते आणि कंपनीने दुरुस्ती पाठवली की बदलते. म्हणून रकमेच्या भांडणातले कागद इथे कामाला येतात. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुला मिळायला हवी. हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे आणि फार कमी लोक ती मागतात. तू माग. एका ठिकाणी दुरुस्ती झाली म्हणून उरलेल्या तिघींकडे झाली असं धरू नकोस.

'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस. ते जे करतात ते तू फुकटात करू शकतेस, आणि त्यांना पॅन-आधार देणं म्हणजे नवं दुखणं.

आता तडजोडीचं. थोडे दिवस गेले की बहुतेक फोन येईल, "सात हजारांत मिटवू." मोह होईल. पण तशी तडजोड केलीस तर खातं 'सेटल्ड' म्हणून नोंदलं जातं. पुढची बँक ते वाचते की हिने पूर्ण पैसे दिले नाहीत. तुला 'क्लोज्ड' पाहिजे. म्हणून उताऱ्याप्रमाणे जे खरं देणं निघेल, म्हणजे १,८३३ आणि कराराप्रमाणे बाउन्स चार्ज वगैरे, तेवढं पूर्ण भर. पण आधी ईमेलवर लिहून घे की ही रक्कम भरल्यावर खात्यात काही शिल्लक राहणार नाही, नो ड्यूज दाखला मिळेल आणि चारही संस्थांकडे खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवलं जाईल. पैसे कर्ज खात्यावरच भर. जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, म्हणजे महिनाभराने रिपोर्ट उघडून बघायला हरकत नाही.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. उशीर करू नकोस. त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार टाकता येते, फी नाही, वकील लागत नाही, उलट वकिलामार्फत केलेली तक्रार ते घेतच नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. क्रेडिट संस्थांविरुद्धची तक्रारही सप्टेंबर २०२२ पासून तिथे चालते. मात्र हे बँका आणि मोठ्या एनबीएफसींपुरतं. गल्लीतल्या पतसंस्थेशी वाद असेल तर रिझर्व्ह बँकेचा संबंध नाही, तिथे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांचं कार्यालय. आणि कोर्टाचा कागद आलाच तर कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. तुझ्या आईने 'आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आलंय, तिथेच जाऊ' म्हटल्याचं कळलं. तिला सांग, एवढ्याशा हप्त्यासाठी तिथवर जायचं कारण नाही.

अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याचं तू विचारलं होतंस. त्यासाठीही कर्ज आधी बँकेनेच मंजूर करावं लागतं, आणि बँक हाच रिपोर्ट उघडते. गाळ्याच्या मालकाला महिना-दीड महिना थांबायला सांग. टोकन दिलं असशील तर त्याची पावती घे.

पत्राचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव, मी वाचून देते. खाते उताऱ्याचा फोटो काढताना पानाची कड कापू नकोस, तारखांचा रकाना तिथेच असतो.

तुझी,
मावशी